निजून घ्यायची आंघोळ

बादली या शब्दावर सुधाताईंनी एका बैठकीत लिहून टाकलं होतं. बंब, घंगाळ, चौरंग, मोरी, न्हाणी हे तर घरातलेच शब्द. त्यांना नुसती हाक मारली की ओ देत होते. अडल्या त्या बाथटबपाशी.

सुधाताई बारामतीच्या एका शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. एका संस्थेनं घरातल्या वस्तूंच्या शब्दांचा लहानसा कोश करायला घेतला होता आणि त्यातलं न्हाणीघर त्यांच्या वाट्याला आलं होतं. प्रत्येक शब्दापुढं तीन गोष्टी लिहायच्या: अर्थ, त्याच्या नात्यातले शब्द आणि वापराचं एक वाक्य. सुधाताईंनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं असायला हवं. मनानं रचलेलं चालणार नाही.

"लिही की, त्याने बाथटबमध्ये आंघोळ केली," सुधाताईंचे यजमान श्रीपादराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"कुणी?"

"कुणीही. तो."

"असं कुणी बोललंय का तुमच्यासमोर कधी? आपल्या गल्लीत, बँकेत, लग्नाकार्यात?"

श्रीपादरावांनी खरंच आठवून पाहिलं. "नाही बुवा," म्हणाले आणि पुन्हा पेपरात गेले.

सुधाताईंनी आयुष्यात एकदाच बाथटब जवळून पाहिला होता. लग्नानंतर दोघं थंड हवेच्या ठिकाणी गेले होते, तिथल्या हॉटेलात. गावात पाणीटंचाई होती. व्यवस्थापकानं माणशी दोन बादल्यांचा हिशेब सांगितला, तेव्हा त्या टबमध्ये त्यांनी बॅगा ठेवल्या. एका दुपारी श्रीपादराव चालायला गेले असताना सुधाताईंनी बॅगा बाहेर काढल्या आणि साडी नेसलेल्याच त्या कोरड्या टबमध्ये आडव्या झाल्या. कानांच्या दोन्ही बाजूंना ते पांढरं गार उभं राहिलं आणि बाहेरचं जग एकदम लांब गेलं. रस्त्यावरची घोड्यांची टापसुद्धा दुसऱ्या कुठल्यातरी गावातली वाटायला लागली. पाणी नव्हतं, तरी आपण तरंगतोय असं त्यांना वाटलं होतं. किती वेळ, कोण जाणे. ही गोष्ट त्यांनी नवऱ्याला कधी सांगितली नव्हती.

आता अर्थ लिहायला बसल्या तर हातून उतरलं ते असं: 'माणसाच्या लांबीचे, उथळ, काठ असलेले पात्र.' वाचून पाहिलं तर गुरांच्या गव्हाणीचं वर्णन वाटत होतं.

त्यांच्या वरच्या खोलीत श्रेया नावाची मुलगी भाड्यानं राहायची. इंदापूरच्या वाटेवरच्या अंथुर्ण्याची होती आणि बारामतीत औषधांच्या दुकानात कामाला. संध्याकाळी ती किल्ली घ्यायला आली, तेव्हा सुधाताई टेबलाशी हनुवटी टेकून बसल्या होत्या. कारण ऐकल्यावर श्रेया म्हणाली, "काकू, आमच्या आजीला विचारा ना. आमच्या पंचक्रोशीतल्या निम्म्या पोरांना तिनं न्हाऊ घातलंय. बाळंतिणींनासुद्धा. पाण्याबद्दल तिला ठाऊक नाही असं काही नसेल."

रविवारी दोघी इंदापूरच्या गाडीत बसल्या. फेब्रुवारी संपत आला होता. भवानीनगरच्या अलीकडं साखर कारखान्याच्या मळीचा आंबूसगोड वास गाडीत शिरला आणि सुधाताईंच्या डोळ्यांवर गुंगी आली. सणसरला माणसं उतरली, चढली. उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी सावकाश चालली होती आणि दोन्ही बाजूंची उसाची पानं खिडकीला घासून मागं जात होती. अंथुर्ण्याच्या फाट्यावर श्रेयानं त्यांना हलवून जागं केलं.

श्रेयाच्या घरच्यांची वस्ती गावापासून आत, उसात होती. स्लॅबचं घर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, अंगणात निंब आणि निंबाखाली बाज. बाजेवर प्रयागबाई. वय शहाऐंशी. चार वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून पाय धरत नव्हते. शरीर वाळून गेलं होतं, पण हात मात्र रुंद आणि मऊ राहिले होते. त्या अंगावर ते दुसऱ्या कुणाचे असावेत असे दिसत होते.

श्रेयाचे वडील संभाजीराव खुर्ची घेऊन आले. आई कौसल्याबाईंनी चहा आणला. सुधाताईंनी वही उघडली आणि पाणी ठेवायच्या भांड्यांची नावं विचारायला सुरुवात केली.

प्रयागबाईंनी एकेक सांगितलं. तांब्याचं ते घंगाळ, दगडाची ती डोण, तिच्यात बैलं पाणी पित्यात. पत्र्याचं ते पिंप. बांधलेला तो हौद. डोणीत माणूस बसतं का, असं सुधाताईंनी विचारलं. "पोरं बसायची उन्हाळ्यात. मग बैल पीत न्हाय ते पाणी, त्याला वास येतो माणसाचा."

"आणि बाळाला कशात घालायचे?"

"कशात? कशात बी न्हाय." प्रयागबाईंनी पांघरुणाखालचे पाय दाखवावेत तशी हनुवटी हलवली. "हितं. खाली बसायचं, पाय लांब सोडायचं, जोडायचं. मधी जी घळ पडती, त्यात लेकराला निजवायचं. डोकं पावलांकडं. बाईचं पाय हेच त्याचं भांडं. पाणी वरनं येतं आन पायावरनं निघून जातं. म्या कमी का घातली असतील? ही श्रेया हितंच न्हाली, तिचा भाऊ बी."

सुधाताई भराभर लिहीत होत्या. लिहिता लिहिता थांबून त्यांनी वर पाहिलं, तर प्रयागबाई त्यांच्या वहीकडं बघत होत्या.

"आन तुमचा शबुद कंचा म्हणला?"

"बाथटब."

"टप म्हंजी टपच की. धुणं भिजवायचा."

"त्याहून मोठा, मावशी. माणूस आडवं मावेल एवढा. त्यात कोमट पाणी भरायचं आणि आत निजायचं. गळ्यापर्यंत."

"पाण्यात निजायचं." प्रयागबाईंनी ते शब्द सावकाश म्हणून पाहिले. "आन न्हाऊ कोन घालतं?"

"कुणी नाही. पाणीच घालतं."

निंबावरनं पिवळी पानं पडत होती, एक प्रयागबाईंच्या पांघरुणावर पडलं. कौसल्याबाई कपबशा उचलायला वाकल्या, तेव्हा त्यांना थांबवून प्रयागबाई म्हणाल्या, "मला तसं घाला."

"काय घालू?"

"ह्या बाई सांगत्यात तसं. मला पाण्यात निजवा."

कौसल्याबाईंनी सुधाताईंकडं असं बघितलं, की सुधाताईंना आपण पाहुणचार घेऊन आग लावायला आलोय असं वाटलं. "आत्याबाई, काय तरी काय बोलताय. गारठा बसंल. आठवड्यातनं दोनदा खुर्चीवर बसवून घालतीय की मी."

"घालतीस. दोन तांबं. उरलेल्या अंगावरनं ओला फडका. मी तुला नाव ठेवत न्हाय, कौसल्या. तुझी बी कंबर गेलीय. पन चार वरसं झाली, माझ्या पाठीला पाणी ठाऊक न्हाय."

श्रेया म्हणाली, "बाबा, पुण्याहून प्लॅस्टिकचा मागवता येतो, हवा भरायचा." संभाजीराव ऐकतच नव्हते. त्यांचा चेहरा उतरला होता. उठून ते निंबाच्या खोडाशी जाऊन उभे राहिले आणि तिथूनच, कुणाकडं न बघता, सुधाताईंना म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमाला सांगतो. आमच्यात माणसाला निजवून आंघोळ दोनदाच घालत्यात. एकदा आल्यावर आन एकदा जाताना. माझ्या बापाला ह्याच अंगणात घातली, म्या पाणी वतलं. आईला तसं आडवं माझ्या डोळ्यानं बघवायचं न्हाय."

सुधाताईंनी वही मिटली. आपण हा शब्द इथं आणायलाच नको होता, असं त्यांना मनापासून वाटलं.

"संभा," प्रयागबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसा. "पयली घातली ती मला आठवत न्हाय. शेवटची घालशील ती मला कळायची न्हाय. मधी एक घाल. कळंल अशी."

संभाजीराव निंबाच्या सालीवर नख ओढत राहिले. मग घरामागं गेले. थोड्या वेळानं तिकडून लोखंड दगडावर घासल्याचा आवाज आला.

घरामागं त्यांचं गुऱ्हाळ होतं. सहा वर्षांपूर्वी सगळा ऊस कारखान्याला जायला लागला, तेव्हा ते बंद पडलं. रस आटवायच्या चुलाणात आता बोरी उगवल्या होत्या. पण गुळाची काहील भिंतीला टेकून तशीच उभी होती. आठ फुटांची, गोल, परातीसारखी. काठाला सहा जाड कड्या आणि बाजू उतरत्या. संभाजीराव आणि शेजारच्या रानातले विजयसिंह अशा दोघांनी ती चाकासारखी घरंगळत अंगणात आणली, उन्हात विटांवर मांडली. विजयसिंहांनी "गूळ करायचाय व्हय?" असं विचारलं. संभाजीराव म्हणाले, "न्हाय. आईची आंघोळ." चिंचेचा कोळ आणि राख घेऊन विजयसिंहही घासायला बसले.

त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची होती. विहिरीवरची मोटार चालू झाली, पाइप काहिलीत सोडला आणि पाणी फिरत फिरत चढायला लागलं. हातभर भरल्यावर संभाजीरावांनी मोटार बंद केली. "आता ऊन काय करतंय बघायचं," म्हणाले. लोखंड ऊन पीत होतं. तासाभरानं सुधाताईंनी बोटं बुडवून पाहिली तर कडेचं पाणी कोमट झालं होतं आणि मधलं अजून विहिरीतलंच होतं. कौसल्याबाईंचा विरोध संपला नव्हता, पण हात थांबले नव्हते. त्यांनी तीन दगडांवर हंडा चढवला, बांधावरनं निर्गुडीचा पाला ओरबाडून आणला आणि उकळत्या पाण्यात टाकला. तो कडवट हिरवा वास अंगणभर झाला. निंबाला आणि दोन बांबूंना दोरी बांधून श्रेयानं जुन्या साड्यांचा आडोसा केला. पुरुष माणसं रानात गेली.

दुपारचे दोन वाजले होते. साड्यांमधून ऊन आत येताना रंग घेऊन येत होतं. पाण्यावर जांभळं, अबोली, हळदी असं काही काही हलत होतं. श्रेया आणि कौसल्याबाईंनी प्रयागबाईंना सुती लुगड्याच्या झोळीत उचललं. सुधाताईंनी मान धरली. तिघींनी मिळून त्यांना काहिलीच्या उतारावर सोडलं. पाठ टेकेल, डोकं काठावर राहील आणि बाकी सगळं अंग पाण्यात.

पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा प्रयागबाईंनी दोन्ही हातांनी श्रेयाचं मनगट घट्ट धरलं. त्यांचे डोळे मोठे झाले. मग हळूहळू त्या हातांची पकड सुटली, एकेक बोट करून, आणि हात आपोआप वर येऊन पाण्यावर राहिले. पाय वर आले. चार वर्षं न हललेले ते दोन पाय, पातळ, पांढुरके, पाण्यात शेवाळ हलावं तसे हलत होते.

"आगं," प्रयागबाई म्हणाल्या. "माझं वजन कुठं गेलं?"

कौसल्याबाई काठाशी उकिडव्या बसून तांब्यानं त्यांच्या खांद्यावर पाणी सोडत होत्या. काही वेळानं तेही थांबलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला. रानातून कोयत्यांचे आवाज येत होते, फार लांबून, जणू दुसऱ्याच हंगामातले. पाण्याला अजून गुळाचा पुसट वास होता. राखेनं आणि चिंचेनंही तो गेला नव्हता. ऊन लागलं तसा लोखंडातून पुन्हा वर येत होता. प्रयागबाईंनी डोळे मिटले होते आणि त्या बोलत होत्या, पण कुणाशी ते कळत नव्हतं.

"मान सावर. तेल लई झालं. डोळ्यात जाऊ देऊ नगं... ही सारजाची. सातव्या महिन्यातली. एवढीशी. घळीत हरवली असती माझ्या. जगली. शेळगावला दिली पुढं." मग बराच वेळ नुसतं पाणी. "नाक वड. नीट वड. नाक चांगलं व्हतं." त्यांचे रुंद हात पाण्यावर काही तरी थोपटत होते, उलटवत होते, पुन्हा सरळ करत होते.

सुधाताई काठाला हात टेकून बघत राहिल्या. किती बाळं त्या हातांतून जात असतील? त्यांना वाटलं, आपण अजून गाडीतच आहोत, सणसर अजून यायचंय, आणि ही सगळी दुपार खिडकीबाहेरच्या उसासारखी आपल्याशेजारून चालली आहे.

प्रयागबाईंनी डोळे उघडले. सुधाताईंकडं बघून म्हणाल्या, "बाई, तुमी बी या. लई जागा हाय."

"मी?"

"तुमीच आनलाय न्हवं शबुद? मग या की."

सुधाताईंनी इकडं तिकडं पाहिलं. श्रेया हसत होती. कौसल्याबाई घरात गेल्या आणि स्वतःचं एक जुनं पातळ घेऊन आल्या. त्यांनी ते सुधाताईंच्या हातात दिलं. सदुसष्ट वर्षांच्या सुधाताई आडोशाच्या कोपऱ्यात ते पातळ नेसल्या आणि कड्या धरून आत उतरल्या.

पाणी अंगाभोवती मिटलं. प्रयागबाईंच्या समोरच्या उतारावर त्यांनी पाठ टेकली, डोकं मागं पाण्यात सोडलं. कान पाण्यात गेले तसं जग बंद झालं. वर निंबाची फांदी होती आणि तिच्यापलीकडं उन्हानं पांढरं झालेलं आभाळ. त्यांची पावलं प्रयागबाईंच्या मांडीला लागली. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत. शाळा, वह्या, आईचं आजारपण, मूल झालं नाही म्हणून एके काळी ऐकलेलं सगळं, ते अंगातून उठून पाण्यावर आलं आणि तिथंच राहिलं, हलकं. त्यांना रडू आलं असावं. पाण्यातच असल्यामुळं त्यांनाही ते नक्की सांगता आलं नसतं.

मग पावलांवर काही तरी फिरायला लागलं. प्रयागबाई त्यांची पावलं चोळत होत्या. पाण्यातल्या पाण्यात दोन्ही हातांनी, टाचेपासून बोटांपर्यंत, प्रत्येक बोट वेगळं करून, लेकराचं करावं तसं.

"मावशी, राहू द्या."

"गप पडा. माझं हात लई दिस रिकामं हायत."

किती वेळ गेला ते श्रेयालाच ठाऊक. तिनंच शेवटी "आजी, बोटं सुरकुतली, आता बास" म्हणून दोघींना बाहेर काढलं. प्रयागबाईंना कोरडं लुगडं नेसवलं, बाजेवर उन्हाकडं डोकं करून निजवलं. कौसल्याबाईंनी पळीत निखारा घेऊन त्यावर ओवा आणि वावडिंग टाकलं, बाळंतिणीला देतात तशी धुरी त्यांच्या केसांना दिली. तेवढ्यातच प्रयागबाई झोपल्या.

संभाजीराव रानातून आले तेव्हा आडोसा काढलेला होता. ते बाजेजवळ आले आणि जागीच थांबले, कारण आई अगदी स्थिर निजली होती. सुधाताईंना त्यांच्या मनातलं कळलं. त्या काही बोलणार, तोच प्रयागबाई जोरात घोरल्या. संभाजीरावांनी तोंडावरून हात फिरवला आणि खाली बसून आईचं पाऊल हातात घेतलं. उबदार होतं. ते तसेच बसून राहिले. काहिलीतलं पाणी नंतर त्यांनी बादलीबादलीनं निंबाच्या आणि कडेच्या कोथिंबिरीच्या आळ्यांना घातलं, थोडंसुद्धा वाया न घालवता.

साडेपाचच्या गाडीनं सुधाताई ओल्या केसांनी घरी आल्या. श्रीपादरावांनी विचारलं, "हे काय, वाटेत पाऊस होता?" तेव्हा सुधाताईंनी त्यांना सगळं सांगितलं, आजचंही आणि त्या हॉटेलातल्या कोरड्या टबचंही. श्रीपादराव ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "ठाऊक असतं, तर मी चालायला गेलोच नसतो त्या दिवशी." एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोशाचं पान पुरं केलं. अर्थ: 'ज्यात निजून आंघोळ करता येते असे मोठे भांडे.' नात्यातले शब्द: टप, डोण, हौद, घंगाळ, काहील, आणि संपादकांना पटो न पटो, 'न्हाऊ घालणारीचे पाय'. वापराच्या वाक्याच्या जागी त्यांनी प्रयागबाईंचं वाक्य जसंच्या तसं घातलं: 'आगं, माझं वजन कुठं गेलं?' आठवड्यानं संपादकांचा निरोप आला की वाक्यात मूळ शब्दच येत नाही, तेव्हा बदलून द्यावं. सुधाताईंनी उलट कळवलं की ज्या बाईनं ते म्हटलं तिला तो शब्द नुकताच कळला होता, अर्थ मात्र तिच्याइतका कुणाला कळलेला त्यांना माहीत नाही. त्यावर उत्तर आलं नाही. वाक्य राहिलं की गेलं हे कोश छापून आल्यावरच कळणार होतं.

काहील मात्र पुन्हा भिंतीला टेकून उभी राहिली नाही. मार्चमध्ये श्रेया दर सोमवारी गावाहून आली की नवीन काही सांगायची. बाबांनी काहिलीच्या तळाला भोक पाडून नळ बसवला. शेजारच्या लीलाबाई दुखरे गुडघे घेऊन आल्या आणि पाण्यात बसून गेल्या. आई पहिल्यांदा नाही नाही म्हणाली आणि मग एका दुपारी सगळे जेवून झोपले असताना एकटीच पाण्यात जाऊन निजली. कमरेला बरं वाटतं म्हणाली, पण कुणाला सांगू नको म्हणाली.

चैत्रात सुधाताई पुन्हा गेल्या. या वेळी श्रीपादरावही बरोबर होते, संभाजीरावांबरोबर ते ऊस बघायला रानात गेले. आडोशाआड प्रयागबाई पाण्यात होत्या आणि शेजारी काठावर एक तरुण, पोटुशी सून बसली होती. लीलाबाईंची. तिला सातवा लागला होता. प्रयागबाई तिला काही सांगत नव्हत्या, नुसती तिची पावलं पाण्यात घेऊन धरून होत्या. ती पोरगी डोळे मिटून निंबाखाली डुलत होती. सुधाताई आल्याचं दोघींनाही कळलं नाही. त्यांनी चपला काढल्या, आवाज न करता काठावर बसल्या आणि आपलेही पाय पाण्यात सोडले.